बांड्या बैलाच्या लघवीची फेरतपासणी

प्रति,
जिल्हा पशुवैद्यकीय अधिकारी,
अमरावती.

विषय : शंकरपटात बैलाला अफू चारल्याचा ठपका, लघवीची योग्य पद्धतीने फेरतपासणी होणेबाबत.
संदर्भ : पट कमिटी, मौजे ढोबळी हिवरा, ता. चांदूर रेल्वे, यांचा दि. ८ फेब्रुवारी १९६३ चा निकाल.

महोदय,

अर्जदार वच्छलाबाई भोंगळे हिने आईवेगळा झालेला बांड्या गोऱ्हा बाटलीने दूध पाजून वाढवला. यंदाच्या पटाच्या शर्यतीत बांड्या असलेल्या तिच्या जोडीने पहिला नंबर मारला. हरलेले खुशालराव ओरडले, "बाईची जोडी पयली येते कशी? अफू चारली असन!" कमिटीने तिथेच तपासणी मांडली.

१. बांड्याची लघवी धरली ती सरकीच्या ढेपेने (पेंडीने) माखलेल्या डब्यात. कमिटीने बोलावलेल्या कंपाउंडरने त्यात बोट बुडवून सर्वांदेखत जिभेला लावले आणि म्हणाला, "कडू लागून राह्यलं." अर्जदाराला ओकारी आली. पंचांनी माना डोलावल्या.

२. मग बशीत तेजाब, म्हणजे गंधकाचे आम्ल, ओतून त्यात लघवीचे थेंब टाकले. ते काळे पडताच कमिटीच्या सेक्रेटरींनी भोंग्यावरून "अफू सापडली" असे पुकारून जोडी बाद केली. अर्जदाराची जोडी हाकणारा धुरकरी देवमन याने त्याच डब्यात खुशालरावांच्या बैलाची लघवी धरून दिली. तीही तितकीच काळी पडली. सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या बैलाचं बोला."

३. अर्जदाराने त्याच दिवशी धुतलेल्या बाटलीतून दुसरा नमुना अकोल्यास नेला. तेथील रसायनतज्ज्ञ मोरोपंत दामले यांनी सांगितले की, ढेप तेजाबात काळीच पडते. अफूची परीक्षा तेजाबात फॉर्मलिन घालून करतात व तीत जांभळा रंग येतो. तो आला नाही. नमुन्याचा अर्क त्यांनी उंदरालाही टोचला. अफूने उंदराचे शेपूट ताठ उभे राहते. ते लोळतच राहिले.

त्यांनी दिलेला तसा लेखी दाखला पाहून कमिटी हसली. "आता उंदीर साक्ष देईन काय?" असे म्हणून सेक्रेटरींनी तिला महादेवाच्या पिंडीवर हात ठेवून शपथ घेण्यास फर्मावले. अर्जदाराने विचारले, "शपथंनंच समजते, तं मंग बोटं काहून चाटली?" यावर तिलाच उद्धट ठरवून सभेतून उठवण्यात आले. आता रस्त्याने जाताना लोक बांड्याला "अफीम्या" म्हणून हाका मारतात.

तरी दोन्ही बैलांचे नमुने आपल्या माणसाकरवी, सोबतच्या उकळलेल्या बाटल्यांत घेऊन, रंगाने व उंदराने अशा दोन्ही पद्धतींनी तपासावेत. अफू निघाल्यास अर्जदार बांड्या सरकारजमा करील. न निघाल्यास सेक्रेटरींनी त्याच भोंग्यावरून, तितक्याच मोठ्याने, तसे सांगावे. पहिल्या नंबराचा मान तिला नको. कमिटीच्या त्या हातांनी दिलेला मानाचा नारळ घरात आणण्याची तिला किळस वाटते.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारी,
(सही) वच्छला भोंगळे
ढोबळी हिवरा, दि. २० फेब्रुवारी १९६३

सोबत : अकोल्याचा दाखला, काचेच्या बाटल्या दोन.