नमुना म्हणून टांगलेल्या नावाबाबत

प्रति,
मा. निबंधक,
जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय,
पहिला मजला.

विषय : खिडकीशेजारचा नमुना अर्ज काढून टाकणे व माझ्या मुलाचा मृत्यू नोंदवणे.
संदर्भ : १) माझे आधीचे चार अर्ज. २) आपल्या कारकुनाचे तोंडी उत्तर, "उद्या या."

महोदय,

१. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. मुलाच्या जन्माचा अर्ज मी स्वतः भरला. पत्नीने निवडलेले नाव आपल्या नोंदवहीत तोवर एकदाही आले नव्हते. कारकुनाने पाने चाळून तसे सांगितले. त्या नावाचे शेवटचे अक्षर लांबवून म्हणायचे असते. तसे मी शेऱ्यात लिहिले. ते नाव या अर्जात लिहीत नाही, कारण हाही अर्ज फलकावर लागेल अशी भीती वाटते.

२. कारकुनाला माझे अक्षर आवडले. त्याने अर्जाची प्रत नमुना म्हणून फलकावर लावली. रांगेत तासभर उभे राहून ज्यांना नाव सुचेनासे होते, ते समोर दिसेल ते उतरवतात. सात महिन्यांत तेवीस मुलगे व एक मुलगी या नावाने नोंदली गेली. सर्वांच्या शेऱ्यात "शेवटचे अक्षर लांबवून म्हणावे" आहे. लांबवत कोणीच नाही. दाराची कडी आपटावी तसे तोडतात.

३. माझा मुलगा पाचव्या महिन्यात तापाने गेला. आमच्या गल्लीत त्या नावाची तीन मुले आहेत. हाक ऐकू आली की पत्नी हातातले टाकून दारात जाते. मी शेजारणीला विनंती केली की निदान आमच्या खिडकीखाली हाक मारू नका. ती म्हणाली, "भावोजी, तुमचा गेला, आता नाव कशाला धरून बसलाय? वापरात राहिलं तर बिघडलं कुठं?"

४. (हा परिच्छेद पत्नीने फाडला.)

५. मृत्यू नोंदवायला आलो तेव्हा वहीत आमच्या नावावर दोन मुलगे निघाले. एका गृहस्थाने नमुन्यावरून बाळाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, पत्ता, सगळे उतरवले होते. त्याला वाचता येत नसावे. कारकून सांगतो की त्याने अक्षरे चित्रासारखी काढली होती. जन्मतारीख तेवढी दवाखान्याच्या चिठ्ठीवरून कारकुनाने भरली; बाकीचे वाचले नाही. त्यामुळे आम्हांला दोन महिन्यांच्या अंतराने दोन मुलगे झाले आहेत. याचा खुलासा होईपर्यंत मृत्यूची नोंद होणार नाही, असे मला सांगण्यात आले. खुलासा काय द्यावा ते सांगितले नाही. रांगेतील एकाने पत्नीकडे पाहून विचारले, "वहिनी, मधे विश्रांती तरी घेतलीत का?" कारकून हसला. मग म्हणाला, "रडता कशाला? एक गेला, एक शिल्लक आहे. वहीत बघा ना."

५. (पुन्हा पाचच. पुढचा आकडा लगेच लिहवत नाही; मुलाला सहावा महिना लागला नाही.) पत्नीने वहीत पाहिले. त्या दिवसापासून ती रडलेली नाही. कागद नाही म्हणजे गेला नाही, असे ती म्हणते. पाळणा मी माळ्यावर टाकला होता, तो तिने उतरवला. दुसऱ्या मुलाच्या लसीची चिठ्ठी आमच्या पत्त्यावर आली. तारीख चुकेल म्हणून तिने ती आरशाला चिकटवली आहे.

६. तरी विनंती की,
अ) नमुना काढावा.
आ) मृत्यू नोंदवावा.
इ) हे शक्य नसेल, आणि आपली वहीच खरी असेल, तर वहीप्रमाणे दुसरा मुलगा आमचा आहे. दवाखान्याच्या चिठ्ठीवरून त्याचा शोध घेऊन तो आमच्या ताब्यात द्यावा.

पत्नीच्या सांगण्यावरून अ आणि आ मागे घेत आहे.

सोमवारी दहा वाजता आम्ही दोघे खिडकीशी हजर राहू. पत्नीने नवे अंगडे अंदाजाने जरा मोठे शिवले आहे. त्या गृहस्थांना वाचता येत नाही, तेव्हा त्यांना लेखी कळवण्याची तसदी कार्यालयाने घेऊ नये.

वहीप्रमाणे दोन मुलांचा बाप,
आपला नम्र,
(सही)
दिनांक : आजचा

सोबत : १) लसीच्या चिठ्ठीची प्रत (मूळ प्रत पत्नी देत नाही). २) पत्नीची संमती, सहीसह.