परतीचा बॉल

४ मार्च

एलिएझरच्या लघवीत स्टेरॉइड सापडलं! ऐंशी सामन्यांची बंदी. फ्लोरिडातल्या या बेसबॉलच्या सराव-छावणीत सकाळपासून दुसरा विषय नाही. संघातला हुआस्कार डबा बडवत ओरडला, "तरीच म्हटलं, गड्याचा बॉल एवढा पळतो कसा!" सगळे हसले. मीही हसलो. थू माझ्यावर.

आमच्या खोलीत एलिएझर बूट पुसत बसला होता. "मम्मी आता तिकडे गावी, बानीच्या बाजारात कशी जाईल रे, वेल्किन?" एवढंच म्हणाला. मला काही विचारलं नाही.

५ मार्च

वहीलाच सांगतो. ती लघवी माझी होती.

त्यानं डिसेंबरात स्टेरॉइडची इंजेक्शनं सोडली. बोलला नाही, पण मी त्याचा कॅचर, त्यानं फेकलेला प्रत्येक बॉल झेलणारा — बॉल तळव्याला झोंबेनासा झाला की कळतंच. उरलेली बाटली कपाटावर पडून होती. माझं कोपर ठणकत होतं. घेतली टोचून! एकदा, मग दर आठवड्याला.

चाचणीच्या सकाळी तोच घाबराघुबरा आला. "जुनं काही निघालं तर? तुझी दे. स्वच्छ आहे ना?"

"आईशप्पथ!" म्हणालो. आई कुठे असते हेही मला धड माहीत नाही — आणि शपथ तिची! खरं सांगायची लाज वाटली. वाटलं, निघायचं नाही काही.

९ मार्च

पळून जायला बसस्टँडवर गेलो. एक पेलिकन पक्षी माशाचं डोकं गिळायला धडपडत होता — गिळवेना, टाकवेना. बघत बसलो. बस गेली.

एलिएझर अजून बूटच पुसतोय. शिवी तरी घाल ना!

१४ मार्च

सुनावणी. एलिएझरच्या वकीलबाईंनी मलाच साक्षीला उभं केलं. हात वर करून शपथ.

"यानं या वर्षी इंजेक्शन घेतलेलं पाहिलंत?"

"नाही."

"आणखी काही सांगायचंय?"

लघवी बदलली म्हटलं की दोघंही हाकलले जाणार. गप्प बसलं की तो एकटाच. एलिएझर टेबलाकडे बघत होता.

"नाही," म्हणालो.

बंदी कायम. संघानंही त्याला काढून टाकलं.

१५ मार्च

विमानतळाच्या बसपर्यंत त्याची बॅग उचलली. पायरीवर तो वळला.

"तू परत फेकलेला बॉल जानेवारीपासून माझ्या तळव्याला झोंबत होता. तेव्हाच कळलं होतं मला."

"मग माझी घेतलीस कशाला?"

"तू शपथ घेतलीस ना!"