पोपटी साडी आणि दहापैकी दोन

मंगळवार, १६ एप्रिल. लालबाग.

केलं ते केलं. परदेशी विद्यापीठाचा तो वेब डिझाइनचा फुकट कोर्स मी आणि माझी धाकटी जाऊ आपापल्या मोबाईलवर करतोय. तिथे तपासायला मास्तर नाहीत. विद्यार्थ्यांनीच एकमेकांची कामं तपासायची, नावं लपवलेली. आज माझ्याकडे मालवणी मसाल्याची वेबसाइट आली. फोटोत गॅलरीत वाळणाऱ्या मिरच्या आणि वर दोरीवर माझी पोपटी साडी! म्हणजे आमची धाकटी, सुप्रिया. काम माझ्यापेक्षा चांगलं होतं, तेच खुपलं. दहापैकी दोन दिले. इंग्रजीत लिहिलं, "रंग गावंढळ आहेत. हे तुम्हाला जमायचं नाही."

साडी दिसली तेव्हाच थांबायला हवं होतं का? नाही थांबले.

संध्याकाळी ती रडत माझ्याकडेच आली. "ताई, रंग तुझ्या त्या पोपटी साडीवरूनच घेतले होते गं. मी सोडला कोर्स. तू पूर्ण कर, मग मला शिकव."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू?

उद्या माझं काम कुणाकडे तरी तपासायला जाईल. देवा, माणूस चांगला भेटू दे.