सदर गाडी भिंतीत आहे

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण सातवी (तीही अर्धी), धंदा उंच इमारतींना बाहेरून दोरावर लटकून रंग देणे, लिहून ठेवतो की मी शुद्धीत आहे, आज काही प्यालेलो नाही आणि कुणी माझ्या मानेवर बसून हे लिहवून घेत नाही. सरकारी कागदावर माझे नाव वेगळे आहे. पण घरी, गल्लीत आणि इथे कामावरही मला भिंगरी म्हणतात, कारण माझा पाय एका जागी ठरत नाही. हा कागद त्याच नावाने खरा धरावा.

मला मरायची घाई नाही. उद्यापासून आम्हाला कारखान्याच्या धुराड्यावर चढवणार आहेत, म्हणून कारकुनाने फॉर्म दिला. ‘तुमच्या पश्चात कोण’ असे विचारून पुढे एकच ओळ सोडली आहे. माझे घर एका ओळीत मावत नाही. म्हणून वहीची पाने फाडली. आज सुट्टी आहे, अंग आंबलेले आहे, झोपावेसे वाटते. तरी लिहितो.

कलम एक. बँकेत जे असेल ते आईचे. किती आहे ते लिहीत नाही, उगाच हसाल.

कलम दोन. माझे जाड ब्लँकेट दोरवाल्याला, म्हणजे मी लटकतो तेव्हा वरून माझा दोर धरतो त्याला. तो खांद्यावरून वाचतोय आणि म्हणतोय, “भिंगऱ्या, मेल्यावर देणार? थंडी आत्ता आहे.” बरे, आत्ताच घे. कलम दोन संपले.

कलम तीन. आबांचा ओळंबा माझ्या पेटीत तळाशी आहे, फडक्यात गुंडाळलेला. आबा, म्हणजे माझे वडील, गवंडी आहेत. भिंत सरळ उभी आहे का ते ओळंबा सोडून बघतात. घर सोडले त्या दिवशी मी तो त्यांच्या पिशवीतून उचलला. का उचलला ते मलाही सांगता येत नाही. थापी मला कधी आवडली नाही, वाळू-सिमेंटने हाताची सालपटे निघायची. आबा म्हणायचे, “आमच्या घरात एकालाच भिंत दिसत नाही, त्याला नुसता रस्ता दिसतो.” ओळंबा ते आठ दिवस शोधत होते. आमच्या घरातली पहिली चोरी ती, आणि चोर मी. तो त्यांना परत द्यावा. त्याची दोरी मी बदलली आहे, रागावू नये.

कलम चार. गाडी.

पावणेदोन वर्षांपूर्वी मी घरी गेलो तेव्हा अकरा दिवस राहिलो. त्यातले नऊ मोटरसायकल निवडण्यात गेले. बरोबर मेकॅनिक होता, माझ्या वर्गातला, त्याला सगळे कार्बोरेटर म्हणतात. मला लाल पाहिजे होती, उंच, सायलेन्सर वर उचललेला. कार्बोरेटर म्हणाला, “पाय टेकतात का बघ. पार्ट कोपऱ्यावर मिळतात का बघ. उद्या विकताना कुणी घेईल का बघ. रंग शेवटी.” मी प्रत्येक दुकानात धाकट्या बहिणीला गाडीवर बसवायचो. ती प्रयोगशाळेत काम करते. घरोघर जाऊन लोकांचे रक्त घेते, ते सगळे चालत. शेवटी एका बुटक्या काळ्या गाडीवर तिच्या दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. मी म्हणालो, हीच.

“अरे, गाडी तुझी का हिची?” कार्बोरेटर म्हणाला.

“माझी.”

“मग तुझे गुडघे हँडलला का लागतायत?”

मी पैसे मोजायला लागलो. आबांना वाटले, पोराने गाडी घेतली म्हणजे पोरगा आता राहतोय. मी त्यांना वाटू दिले. दोन दिवसांनी ठेकेदाराचा फोन आला आणि मी निघालो. हे मी कुणाजवळ कबूल केलेले नाही, इथे करतो.

मी इकडे पोचलो तोवर गल्लीतून दोन गाड्या चोरीला गेल्या. शेजारच्यांची तर फाटकाच्या आतून गेली. मला झोप येईना. कार्बोरेटरने आमच्या गाडीला अलार्म बसवला, तो मांजर आले तरी बोंबलायचा. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी आईला सांगितले, “चोर परवडला.” (अलार्म कार्बोरेटरला परत द्यावा आणि त्याच्याच उशाशी लावावा.) मग मी साखळी घ्यायचे ठरवले आणि कामावरून आबांना फोन केला. मागे मिक्सर धडधडत होता. झालेले बोलणे आठवते तसे लिहितो.

“आबा, गाडी मागच्या बोळात ठेवा आणि नीट बांधून घ्या.”

“बांधून?”

“हो, नुसतं कुलूप नको. बांधूनच घ्या.”

“चार फुटी का सहा फुटी?”

“सहा फुटी घ्या. चारी बाजूंनी आली पाहिजे. हात घालायला जागा नको.”

“दोन दिवस लागतील.”

“दोन दिवस कशाला? दहा मिनिटांचं काम!”

“तू मला माझं काम शिकवू नकोस.” फोन ठेवला.

गवंड्याला ‘बांधून घ्या’ म्हटल्यावर तो काय करणार? तिसऱ्या दिवशी आईचा फोन. “अरे, तुझ्या गाडीला दारच नाही ठेवलं रे यांनी.” सहा फूट उंच, चारी बाजूंनी पक्की वीट, वर फरशी. चोर सोडा, उंदीर जात नाही.

मी हसलो, दोरवाला हसला, अख्खी खोली हसली. मग मी म्हणालो, “आबा, फोडा आता.”

ते म्हणाले, “मालक समोर असल्याशिवाय मी भिंत फोडत नाही. नियम आहे माझा.”

“कधीपासून?”

“तू गेलास तेव्हापासून.”

तेव्हापासून दर फोनला मी पुढच्या महिन्यात येतो म्हणतो आणि ते बरं म्हणतात. आई मधे पडली, तिचेही चालले नाही. धाकटी अजून चालतेच आहे, टाचा फुटल्यात तिच्या. आणि आता धुराडे. मी वरून सुटलो तर त्या नियमाप्रमाणे भिंत कधीच फुटणार नाही. आबा शब्द फिरवत नाहीत. मालकाची वाट बघत बसतील.

म्हणून या कलमाने सदर गाडी, किल्ली आणि कागदांसकट, धाकटीला दिली. मेल्यावर नाही. हा कागद घरी मोठ्याने वाचून होईल त्या घडीपासून. आबा, मालक समोर पाहिजे ना? मालक तुमच्यासमोरच राहते. रोज तुम्हाला चहा करून देते. नियम मोडू नका, पाळा.

कलम पाच, धाकटीसाठी. जुने पेट्रोल काढून टाक. बॅटरी मेलेली असणार, टायर बसलेले असणार. कार्बोरेटरला दाखवल्याशिवाय किक मारू नकोस. हँडल लॉक लावायचेच. साखळी मागच्या चाकातून आणि सांगाड्यातून घालायची, जमिनीवर लोळू द्यायची नाही, दगडावर ठेवून तोडतात. आबांना ओट्यात लोखंडी कडी बसवायला सांग, कडी म्हण, ‘बांधून द्या’ म्हणू नकोस. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगू नकोस. ती जागा साऱ्या गल्लीला पाठ आहे.

कलम सहा. धाकटीने मागे फोनवर विचारले होते, “दादा, खालून तिसऱ्या थरात एक वीट हलते. आबांचं काम कच्चं कसं?” मी तिला माहीत नाही म्हणालो. माहीत आहे. लहानपणी वाळू चाळताना आबांनीच सांगितले होते. जी भिंत पुढे उघडायची असते तिच्यात ते एक वीट सिमेंटच्या मसाल्याशिवाय, कोरडी बसवतात. पहार तिथून घालायची. म्हणजे आबा, मला साखळी म्हणायचे होते हे तुम्हाला बरोबर कळले होते. मिक्सर माझ्याकडे होता, तुमच्याकडे नव्हता.

राग नाही. दमलो आहे. भिंत तिथूनच उघडावी. बाकीच्या विटा ओट्याला वापराव्यात. ती कोरडी वीट मात्र कुणाला देत नाही. ती माझ्या नावावर राहील. घराबाहेर नेऊ नये.

ठिकाण : कामगारांची खोली, तिसरा मजला, पाण्याच्या टाकीसमोर.
तारीख : सतरा, सुट्टीचा वार, दुपार.

सही : भिंगरी

साक्षीदार एक : दोरवाला. (मी सही करणार नव्हतो. दोर माझ्या हातात असतो, माणूस काय म्हणेल? ब्लँकेट मिळाले. उद्या दोर दोन वेळा बघून घेईन.)

साक्षीदार दोन : खानावळीच्या मावशी, अंगठा. (मावशींनी पूर्ण मोठ्याने वाचायला लावले आणि म्हणाल्या, “एका विटेसाठी एवढं लिहिलंस? जाऊन घेऊन ये की.”)