धुतलेली डबी

रत्नागिरी, १२ नोव्हेंबर २००९

पूर्णगडच्या गणपतचा रिपोर्ट मुंबईहून आला. एचआयव्हीच्या गोळ्या त्याला आता लागू पडत नाहीत. आणि मी इतर पेशंटना त्याचंच उदाहरण देत होते! दर महिन्याला डबी रिकामी, वर स्वच्छ धुऊन आणलेली.

आज शेवटी विचारलं, मासेमारीला जातोस तेव्हा लाँचवर गोळ्या कुठे ठेवतोस?

"लाँचवर नेतच नाय, ताई. सगळे एकत्र जेवतो, एकत्र झोपतो. कोनी बघितल्या तर लाँचचा तांडेल मला कामावरून काढील."

"मग समुद्रावरचे दिवस?"

"घरी आलो की डबल घेतो. भरून काढतो."

भरून काढतो! राहिलेली झोप भरून काढावी तशी. त्या चुकलेल्या दिवसांतच विषाणू औषधाला सरावला, आणि मी रिकामी डबी बघून शाबासकी देत राहिले. खलाशी आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रत्नागिरीत जन्म गेला, रोज मासळी खाते, आणि हा आठ-आठ दिवस समुद्रावर काय करत असेल, हे एकदाही मनात येऊ नये? समुपदेशक म्हणे!

याच्या पुढची औषधं फक्त मुंबईला. मिळतील की नाही, कोण जाणे. मिळाली तरी लाँच तीच, तांडेल तोच.

हे सगळं त्याला कसं सांगावं ते सुचेना. मी रिपोर्टच उलटसुलट बघत राहिले. त्याला वाटलं, मला शंका आली. डबी माझ्यापुढे सरकवली. आजही धुतलेली.

"एक पन गोळी फुकट नाय घालवली, ताई."