खुरप्यावरचा कर

छत्रपती संभाजीनगर,
४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मोनालीस सप्रेम जयभीम.

वि. वि. फोनवरचं बोलणं दुकानात सगळ्यांच्या कानावर जातं, म्हणून एसटीच्या पार्सलमध्ये ही चिठ्ठी घालते. कर सल्लागाराकडे नोकरी करूनही माहेरच्या दुकानाची जीएसटीची विवरणपत्रं काल पहिल्यांदाच नीट पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. अगं बाईसाहेब, खुरपी-विळ्यांवर कर शून्य आहे! पाइप आणि तारेबरोबर त्यावरही अठरा टक्के भरत बसलात. लोहाराकडून माल घ्यायचा, भाव एक रुपया वाढवायचा नाही आणि कर मात्र गल्ल्यातून भरायचा. इतकं दानशूर दुकान साऱ्या जालना जिल्ह्यात दुसरं नसेल.

पैसे परत मागता येतात, पण दोन वर्षांच्या आतले. उशीर केला तर एकेक जुना महिना हातचा जाणार. बिलं, भरणा केल्याच्या पावत्या आणि संगणकातली मालाची यादी पाठव. कोणती वस्तू कोणी, कधी नोंदवली तेही यादीत दिसू दे. बाबा फार तापलेत, दिवाळीपासून हिशेब बाहेरच्या माणसाकडे देणार म्हणतात. मी समजावीन, पण तूही जरा डोळे उघडे ठेवून नोंदी कर.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. भाऊराया मिथुनला आशीर्वाद. रागावू नकोस, लोभ आहेच.

तुझी नणंद,
सुमेधा

भोकरदन,
१९ ऑगस्ट २०२५

ती. सुमेधाताईंस सविनय जयभीम.

बिलं आणि पावत्या महिन्यावार लावून पाठवते आहे. यादी तेवढी राहिली, प्रिंटरची शाई संपली आहे. चूक माझीच धरा, बाबांनाही तसंच सांगा.

आईंचा गुडघा बरा आहे. मी तेल कमी लावते आणि बडबड जास्त करते, असं त्यांचं म्हणणं. बाबा माझ्याशी हिशेबाचं बोलत नाहीत. परवा गल्ल्याच्या किल्ल्याही ह्यांच्याकडे दिल्या. बी.कॉम. होऊन घरी बसले होते, या दुकानात पहिल्यांदा कुणी मला विचारून काम करू लागलं. ते सुटणार म्हणून रडू येतं, खोटं कशाला सांगू? पण तुमच्या शब्दाला बाबांकडे फार मान आहे, तो तसाच राहू द्या.

माया असू द्यावी.

आपली,
मोनाली

छत्रपती संभाजीनगर,
२ सप्टेंबर २०२५

ती. बाबांना सविनय जयभीम.

यादी शेवटी मिथुनकडून मागवली. या उशिरात एक महिना मुदतीबाहेर गेला, त्याबद्दल कुणाला बोलू नका. खुरपं आणि विळ्यासमोर तारीख आहे १२ एप्रिल २०२३, आणि नाव माझं. माझ्या लग्नाच्या आधीचा महिना. मोनाली तर पुढच्या वर्षी आपल्या घरात आली.

आता सगळं आठवलं. सगळं लोखंडच आहे, एकाच खात्यात टाक, असं तुम्ही सांगत होता. मला साड्या घ्यायला जालन्याला जायची घाई, मी टाकलं आणि उठले. ही यादी मोनालीनं नक्कीच पाहिली होती. तिनं माझी चूक अंगावर घेतली आणि मी तिलाच डोळे उघडे ठेवायला शिकवलं! बाबा, मला फार लाज वाटली. हे पत्र तिच्यासमोर मोठ्यानं वाचा. अर्ज आजच भरला.

आईस जयभीम. चुकलेल्या लेकीवर राग धरू नये.

आपली,
सुमेधा

भोकरदन,
११ नोव्हेंबर २०२५

चि. सुमेधास जयभीम व अनेक आशीर्वाद.

पोरी, एक लाख चार हजार काल बँकेत जमा झाले. बाहेरच्या माणसाला मी तुझं पत्र आलं तेव्हाच नको म्हणून सांगितलं, मोनालीच्या किल्ल्याही तिला परत दिल्या. पण का दिल्या ते काही बोललो न्हाई. ते पत्र तिच्यासमोर वाचायचं धाडस होत नव्हतं. सदऱ्याच्या खिशात घालून दोन महिने हिंडलो.

काल पैसे आल्यावर ती इतकी खूश झाली, की मला तिच्याकडे बघवेना. मंग दुकानातच उभं राहून पत्र वाचलं. लोखंडाचं माझं बोलणंही गाळलं न्हाई. सासऱ्यानं सुनेची माफी कशी मागायची ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं, जशी जमली तशी मागितली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, की सदरा धुवायला टाकताना दर वेळी ते पत्र तीच काढून ठेवायची आणि धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात परत घालायची. पहिल्याच दिवशी तिनं ते वाचलं होतं. पण तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

तुझी आई तुला बोलावून राह्यली, जल्दी ये.

तुझा,
बाबा