तरंगलेलं बी

सत्यवती,

मी कोन गावाला ताईकडे जातोय. जेवायला थांबू नकोस. रागावलेलो नाही.

तुझ्या बेसनाच्या रिकाम्या डब्यात गुग्गुळ उगवलाय. चहा ठेवताना दिसला. लोणच्याच्या बरणीमागे लपवला होतास, म्हणजे तुला आधीच कळलं होतं. माझी कीव केलेली मला आवडत नाही.

कच्छवरून बी मी मागवलं. वाळू मी चाळली. इथली हवा दमट, म्हणून कुंड्यांना टेबलफॅन लावला आणि स्वतः घामात झोपलो. एकाही कुंडीत कोंब नाही. भाताचं बियाणं निवडतो तसं मी ते मिठाच्या पाण्यात टाकलं होतं. तरंगलं ते पोकळ म्हणून केरात फेकलं. त्यातलं एक उचलून तू म्हणालीस, "आलं तर आलं, नाय तर नाय." आणि आलं. जन्मभर शेती मी केली, आणि हातगुण तुझा.

संध्याकाळी वैद्य रोप बघायला येणार आहेत. मीच फुशारकी मारून बोलावलंय. म्हणून मघाशी तुझा डबा गच्चीवर माझ्या कुंड्यांमध्ये नेऊन ठेवला. पण रोप ओट्याच्या खिडकीकडे वाकून वाढलंय. उघड्या गच्चीतलं रोप असं एका अंगाला कशाला कलेल? वैद्यांनी लगेच ओळखलं असतं. परत होता तिथेच ठेवलाय.

त्यांना तूच दाखव. कुणी लावलं विचारलं तर तुझं नाव सांग.

फक्त बी कुठून उचललंस, ते सांगू नकोस.

आनंदा